गाडी डिटेलिंग : पळापळ कमी, काम जास्त (भागाचा पूर्ण मजकूर)

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही, किंवा ऐकता ऐकता आकडे लिहून घेता आले नाहीत, त्यांच्यासाठी हा पूर्ण मजकूर. जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

आजचा विषय आहे गाडी डिटेलिंगचं काम कमी वेळात, आणि तरी तेवढंच चांगलं कसं करायचं. तुमचं स्वतःचं दुकान असेल, तुम्ही वॉशिंग सेंटरवर कामाला असाल, किंवा दर रविवारी घरासमोर स्वतःची गाडी धूत असाल, तर तिघांनाही यातलं काही ना काही लागू पडेल.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. अमरावतीत बी.टेक. केलं, पुण्याच्या कंपनीचं काम बहुतेक वेळ घरूनच करतो. मग हा विषय माझ्याकडे कसा आला? माझा मामेभाऊ अकोल्यात डिटेलिंगचं दुकान चालवतो. शेडमध्ये दोन गाड्यांची जागा, कामाला दोन पोरं, बोअरचं पाणी, आणि शेडसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता. लग्नसराईत गाड्यांची रांग लागायची, रात्री नऊ-नऊ वाजायचे, तरी महिनाअखेरीस हातात फारसं काही उरायचं नाही. त्याच्यापुढे प्रश्न होता की तिसरा पोरगा ठेवायचा का? ठेवला तर जे उरतं तेही पगारात जाणार. नाही ठेवला तर गाड्या परत पाठवाव्या लागणार. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे गेलं की परत येईलच असं नाही.

मी त्याला म्हटलं, "दादा, आधी वेळ कुठं जातो ते मोजू. मग ठरव."

तो म्हणाला, "तुले काय वाटते, पोट्टे आळशी आहेत काय? दिवसभर पळून राह्यले ना बे ते!"

आणि खरंच, ते पळतच होते. मुद्दा तोच होता.

घाई वेगळी, वेग वेगळा

आपल्याच भागातलं एक उदाहरण आधी सांगतो. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर एक जागतिक विक्रम झाला. ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी रस्ता, एका लेनचा, सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं काम होतं, कंत्राटदार राजपथ इन्फ्राकॉन, आणि माणसं होती ७२०. ३ जूनला सकाळी सुरू झालेलं काम ७ जूनला संध्याकाळी संपलं. गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, साधारण २५ किलोमीटर, आणि त्याला दहा दिवस लागले होते.

आता विचार करा, डांबर पसरवणारं पेव्हर मशीन काही पळत नाही. ते माणसाच्या चालण्यापेक्षाही हळू चालतं. मग विक्रम कसा झाला? मशीन थांबलं नाही म्हणून. प्लांटवर गरम माल तयार, डंपरची रांग तयार, पाळी बदलली तरी काम चालू. हातातला माल संपला म्हणून कुणी उभं राहिलं नाही.

डिटेलिंगमध्ये अगदी उलटं होतं. हात भराभर चालतात, पण काम सारखं थांबतं.

आधी मोजा

आम्ही एका शनिवारी एक इनोव्हा निवडली. आतून-बाहेरून पूर्ण काम. मी खुर्ची टाकून बसलो, फोनमध्ये स्टॉपवॉच, हातात वही. सकाळी ९ ला गाडी आत घेतली, अडीचला बाहेर निघाली. म्हणजे साडेपाच तास, ३३० मिनिटं.

त्यातली १९० मिनिटं कुणाचा ना कुणाचा हात प्रत्यक्ष गाडीवर होता. उरलेली १४० मिनिटं कुठं गेली? ढोबळ वाटणी अशी निघाली :

- चालणं आणि शोधणं, ५० मिनिटं. ब्रश कुठं आहे, एक्स्टेन्शन बोर्ड कुणी नेला, कापड धुतलेलं आहे का, स्प्रेची बाटली रिकामी.
- वाट पाहणं, ४५ मिनिटं. सीट सुकायची, टाकी भरायची, व्हॅक्यूम दुसऱ्याच्या हातात होता तो मोकळा व्हायची.
- केलेलं काम परत करणं, ४५ मिनिटं. पाण्याचे डाग पुसणं, धुतलेल्या काचेवर आतली धूळ उडाली म्हणून पुन्हा काच, चाकाचा काळा चिखल दरवाज्यावर उडाला म्हणून पुन्हा दरवाजा.

एकाच गाडीचा हिशोब आहे, सगळ्या दुकानांना हाच आकडा लागू होईल असं मी म्हणत नाही. तुमचा आकडा तुम्ही काढा. पण ही तीन खाती जवळजवळ प्रत्येक दुकानात सापडतील. आणि गंमत बघा, या तिन्हीत कुणाच्याही हाताचा वेग वाढवायची गरज नाही.

खातं पहिलं : चालणं आणि शोधणं

शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ नावाचा माणूस होता. सुरुवातीला गवंडीकाम शिकला. त्याच्या लक्षात आलं की एक वीट बसवायला गवंडी १८ वेगवेगळ्या हालचाली करतो, आणि त्यातल्या बऱ्याच फुकट जातात. सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्येक विटेसाठी खाली वाकायचं. त्यानं विटा आणि चुना कमरेच्या उंचीवर ठेवायची सोय केली, विटा हाताला नीट येतील अशा रचल्या. हालचाली १८ वरून पाचेकवर आल्या. त्या काळच्या नोंदींनुसार तासाला १२० विटा लावणारा गवंडी ३५० लावायला लागला. गवंडी तोच, विटा त्याच.

दादाच्या दुकानात सगळं सामान मागच्या भिंतीच्या कपाटात होतं. आम्ही काय केलं? लोखंडी चाकांची एक ट्रॉली, कमरेएवढी उंच, फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतली. वरच्या खणात स्प्रे, मधल्या खणात ब्रश, खालच्या खणात कापडं. पोरगा गाडीभोवती फिरतो तशी ट्रॉली त्याच्यासोबत फिरते. वाकणं कमी झालं, मागच्या भिंतीच्या फेऱ्या कमी झाल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे कापडांचे रंग ठरवले. निळं फक्त रंगावर म्हणजे पेंटवर, हिरवं काचेला, पिवळं आतल्या डॅशबोर्डला, आणि करडं चाकांना. करडं कापड चाकातून निघून कधीच बॉनेटवर जाणार नाही, कारण चाकातला एक खडा बॉनेटवर अख्खी रेघ मारतो. आणि मायक्रोफायबर कापड दोनदा घडी घाला. त्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक मळली की दुसरी. नवीन कापडासाठी उठायला नको.

कापडं धुताना सुती कपड्यांसोबत टाकू नका, धागे चिकटतात. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्यानं कापडाची पाणी शोषायची ताकद जाते.

तिसरी गोष्ट, 'उद्याची तयारी आज'. जपानमध्ये शिगेओ शिंगो नावाचा इंजिनिअर होता. टोयोटाच्या कारखान्यात हजार टनी प्रेसचा साचा बदलायला चार तास लागायचे. त्यानं एक साधा प्रश्न विचारला : यातलं कुठलं काम मशीन चालू असतानाही करता येईल? ते आधीच करून ठेवायचं. चार तासांचे दीड तास झाले आणि शेवटी तीन मिनिटं. आपल्याकडे याचा अर्थ असा की बाटल्या भरणं, शाम्पू पातळ करणं, पॅड साफ करणं, कापडं मोजून ठेवणं ही कामं गाडी शेडमध्ये उभी असताना करायची नाहीत. संध्याकाळी शेवटची गाडी गेल्यावर पंधरा मिनिटं. बस.

खातं दुसरं : वाट पाहणं

इथं माझा सॉफ्टवेअरचा धंदा कामाला आला. प्रोजेक्टमध्ये आपण पाहतो की सगळ्यात लांब वाट कुठली. तिच्यावर असलेलं काम आधी सुरू करायचं, बाकीची कामं तिच्या सावलीत उरकायची.

गाडीत सगळ्यात जास्त वेळ काय खातं? कापडी सीट सुकणं. त्यावर आपला हात चालत नाही, ते उन्हावर आणि पंख्यावर आहे. पण बहुतेक दुकानांत आधी बाहेरून धुतात, मग आत शिरतात. सीट शेवटी ओल्या होतात आणि गिऱ्हाईक दारात उभं राहतं.

म्हणून आम्ही क्रम उलटा केला :

१. आधी आत. मॅट काढा, हवेनं धूळ उडवा, व्हॅक्यूम करा. वरून खाली, म्हणजे छत, डॅशबोर्ड, सीट, शेवटी तळ. धूळ बाहेरच्या कोरड्या बॉडीवर बसली तर बसू द्या, ती नंतर धुतली जाणारच आहे.

२. लगेच सीटला शाम्पू, एक्स्ट्रॅक्टरनं ओढून घ्या, आतल्या बाजूनं लहान पंखा लावा. सुकायला सुरुवात झाली.

३. मग चाकं. चाकांचा ब्रश, चाकांची बादली वेगळी.

४. मग बॉडीवर फोम. चार-पाच मिनिटं तो मळ सैल करतो, तेवढ्यात दुसऱ्या पोरानं मॅट धुवून टांगायच्या. फोम मात्र गाडीवर सुकू द्यायचा नाही.

५. दोन बादल्यांनी धुणं. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हीच्या तळाशी जाळी. मिट आधी साध्या पाण्यात झटकायचा, मग शाम्पूत. वरून खाली.

६. सुकवणं, काचा, आणि शेवटी आत एक हात.

व्हॅक्यूमची वाट पाहणं कसं गेलं? दोन गाड्या एकाच वेळी सुरू करायच्या नाहीत. पहिली गाडी धुण्यावर गेली की दुसरी व्हॅक्यूमवर घ्यायची. एकच मशीन दोघांना पुरतं. दुसरं विकत घ्यायचा विचार दादानं तेव्हाच सोडला.

खातं तिसरं : परत परत तेच. इथं आपलं पाणी आडवं येतं

पुण्या-मुंबईचे डिटेलिंगचे व्हिडिओ पाहून वऱ्हाडात काम केलं की फसगत होते, ती इथं. आपल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या मोठ्या भागात, खारपाण पट्टा आहे. जमिनीतलं पाणी खारं. प्यायला त्रास, शेतीला त्रास, आणि गाडी धुवायलाही त्रास.

पाणी उडून जातं, त्यात विरघळलेले क्षार मात्र उडत नाहीत. दादाच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस मीटरवर १,७०० च्या आसपास आला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० ही योग्य मर्यादा आहे, आणि दुसरा पर्यायच नसेल तर २,००० पर्यंत. १,७०० म्हणजे एका लिटरमागे १.७ ग्रॅम क्षार. धुतल्यावर गाडीवर लिटरभर पाणी तसंच सुकलं, तर एवढी पांढरी पूड गाडीवर चिकटून बसणार. काळ्या गाडीवर तर लांबूनच दिसते. मग पोरगा रगडतो, वेळ जातो, आणि रगडल्यानं बारीक ओरखडे पडतात ते वेगळेच.

यावर उपाय सांगतो. सगळी गाडी चांगल्या पाण्यानं धुवायची गरज नाही. शेवटचा हात चांगल्या पाण्याचा हवा, बस. धुणं बोअरच्या पाण्यानं करा, आणि ते सुकायच्या आत दाबाच्या हातपंपानं १०-१२ लिटर कमी टीडीएसचं पाणी वरून सोडा. मग मोठ्या सुकवायच्या टॉवेलनं पाणी ओढून घ्या.

चांगलं पाणी आणायचं कुठून? एक रस्ता आरओचा. त्याचं वाया जाणारं पाणी मॅट आणि चाकांच्या खोबणी धुवायला वापरा. दुसरा रस्ता पावसाचा, आणि हा हिशोब मला फार आवडला. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २० बाय ३० फुटांचं टिनाचं शेड म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. एका चांगल्या सरीत २० मिलिमीटर पडला तर हजार लिटरच्या वर पाणी. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, कारण त्यात छतावरची धूळ असते. नंतरचं झाकलेल्या टाकीत घ्यायचं. ५,००० लिटरची टाकी भरली तर १२ लिटरप्रमाणे ४०० गाड्यांचा शेवटचा हात निघतो. आणि उन्हाळ्यात जेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा तुमच्या गाडीधुण्यावर शेजारीही बोट ठेवणार नाहीत.

काळी माती आणि पेंटची जाडी

आपली कापसाची काळी माती ओली झाली की चिकटते आणि सुकली की पकडून बसते. पावसाळ्यात शेतातून, किंवा चिखलदऱ्याहून घाट उतरून आलेल्या गाडीचा खालचा भाग बघा, नुसतं लिंपण असतं. त्यावर थेट मिट फिरवला तर मातीतली वाळू पेंटवर घासली जाते.

गाडीच्या रंगावर जो वरचा पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. आपला केस त्याहून जाड असतो. धुताना पडलेले गोल-गोल ओरखडे काढायला मशीननं पॉलिश करावं लागतं, आणि प्रत्येक पॉलिशमध्ये हा थर थोडा-थोडा कमी होतो. म्हणजे चुकीच्या धुण्यात दोन तोटे आहेत. आज तुमचे तीन तास जास्त जातात आणि गाडीचं आयुष्य कमी होतं. थर काही परत उगवत नाही.

म्हणून चिखलाच्या गाडीला आधी नुसतं पाणी, खालून वर भिजवत. पाच मिनिटं थांबा. मग प्रेशर. मग फोम, पुन्हा प्रेशर. हात सगळ्यात शेवटी. इथं दहा मिनिटं जास्त गेली तर जाऊ द्या, पुढचे दोन तास वाचतात.

पॉलिशिंगबद्दल तीनच गोष्टी. एक, आधी कोपऱ्यात दीड-दोन फुटांचा तुकडा घेऊन सगळ्यात सौम्य पॅड आणि पॉलिशनं करून पाहा. तेवढ्यानं भागलं तर कडक कंपाउंड लावायचं कारण नाही. दोन, एकच पॅड अख्ख्या गाडीला वापरू नका. भरलेला पॅड कापत नाही, नुसता गरम होतो. चार-पाच पॅड ठेवा आणि प्रत्येक भागानंतर ब्रशनं झाडा. तीन, मशीन हळू सरकवा. घाईनं फिरवलं तर तोच भाग तीनदा करावा लागतो.

आणि लग्नाच्या गाड्या! नवरदेवाची गाडी सजवताना सेलोटेप थेट पेंटवर चिकटवतात, दोन दिवस उन्हात राहिली की गोंद शिजतो. नखानं किंवा पत्तीनं खरवडू नका. गोंद काढायचं द्रव लावा, दोन मिनिटं थांबा, मऊ कापडानं उचला. डांबराच्या ठिपक्यांचंही तेच. रसायनाला त्याचं काम करायला वेळ दिला की तुमचे हात वाचतात.

उन्हाचं वेळापत्रक

मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं होतं, आठवत असेल. अशा उन्हात बॉनेट तव्यासारखं तापतं. शाम्पू मिनिटात सुकतो, पॉलिश पॅडखालीच कोरडं होतं, कोटिंग पुसायच्या आत घट्ट बसतं. म्हणजे पुन्हा 'परत काम'.

सोपी चाचणी सांगतो. हाताची मागची बाजू पत्र्यावर ठेवा. पाच सेकंद ठेववत नसेल तर त्या पत्र्यावर काहीच करू नका. एप्रिल-मेमध्ये दादानं वेळ बदलली. सकाळी सहा ते साडेदहा पाण्याचं आणि पेंटचं काम. दुपारी फक्त सावलीतलं, आतलं काम, कूलर लावून, आणि मध्ये मोठी सुट्टी. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा बाहेरचं. पोरांना हे सगळ्यात जास्त आवडलं, आणि मला वाटतं तेच सगळ्यात महत्त्वाचं. चक्कर येऊन पडलेल्या माणसाचा वेळ कुठल्या खात्यात धरणार?

हात जाळून वेळ वाचवायचा नाही

हा भाग नीट ऐका. चाकं लवकर चकचकीत व्हावीत म्हणून बऱ्याच ठिकाणी कॅनमधून 'ॲसिड' येतं. लेबल नाही, नाव नाही. फरशी साफ करायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड असेल तर अलॉयचा रंग आणि ब्रेकजवळचं लोखंड खाऊन टाकतं. आणि काही व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा त्याचे क्षार असतात. ते फार वाईट. कातडीतून आत जातं, शरीरातल्या कॅल्शियमला धरतं, आणि कधीकधी दुखायला लागतं तेच काही तासांनी. तोपर्यंत आत नुकसान झालेलं असतं.

दादाकडे असा एक कॅन होता. पोरं उघड्या हातानं वापरत होती, कारण पाच मिनिटांत चाक साफ व्हायचं. मी विचारलं, "यात काय आहे?" तिघांपैकी कुणालाच सांगता येईना. दादा थोडा वेळ कॅनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाच मिनिटासाठी पोट्ट्याचे हात कायले जाळू मी?" त्या दिवसापासून तो बंद झाला.

त्याऐवजी आयर्न रिमूव्हर वापरा. ब्रेकच्या लोखंडी धुळीवर टाकला की जांभळा होतो, म्हणजे काम करतोय. सुकू द्यायचा नाही, ब्रशनं हलकं फिरवायचं, भरपूर पाण्यानं धुवायचं. वास येतो, म्हणून शेडचं दार उघडं. हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांना चष्मा. आणि अंगावर कुठलंही ॲसिड पडलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरा आणि बाटली सोबत घेऊन थेट दवाखान्यात. दुखत नाही म्हणून घरी बसू नका.

रांगेचं गणित

शेवटचा मुद्दा आवारात उभ्या गाड्यांचा. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी एक सूत्र सिद्ध केलं. आम्ही कॉम्प्युटरवाले ते सर्व्हरच्या रांगेसाठी वापरतो. आत असलेल्या गोष्टींची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले आत राहण्याचा वेळ.

समजा रोज ३ गाड्या येतात, आणि प्रत्येक गाडी सरासरी दीड दिवस तुमच्याकडे राहते. म्हणजे कुठल्याही वेळी साडेचार गाड्या आवारात. शेडमध्ये जागा दोनच. बाकीच्या बाहेर उन्हात, धुळीत. त्यातली एक धुवून तयार झालेली, मालक संध्याकाळी न्यायला येणार म्हणून उभी. तोवर तिच्यावर धूळ बसते आणि ती परत पुसावी लागते.

इथं काम लवकर करण्यापेक्षा गाडी लवकर जाणं महत्त्वाचं. दादानं दोनच गोष्टी केल्या. गाडी सकाळी टाकायची वेळ ठरवून द्यायची, 'केव्हाही आणा' बंद. आणि काम संपायच्या तासभर आधी मालकाला फोन : "काका, तासाभरात गाडी तयार होते, घ्यायला या." राहण्याचा वेळ दीड दिवसावरून अर्ध्या दिवसावर आला तर त्याच सूत्रानं आवारात दीडच गाडी राहते. शेड तेवढंच, पण एकदम मोठं वाटायला लागतं.

मग काय झालं?

चार शनिवारांनंतर तशाच एका इनोव्हाला चार तासांच्या आसपास लागले. प्रत्यक्ष हात चालण्याचा वेळ जवळजवळ तेवढाच राहिला. कमी झालं ते शोधणं, वाट पाहणं आणि परत करणं. खर्च ट्रॉलीचा, कापडांचा, टीडीएस मीटरचा आणि टाकीचा. तिसरा पोरगा सध्या ठेवला नाही, पण दादानं असलेल्या दोघांचा पगार वाढवला, आणि शटर बहुतेक दिवस सातला खाली येतं. हप्ता अजून आहेच, तो काही ट्रॉलीनं फिटत नाही. पण आता महिन्याच्या शेवटी तो उसना मागत नाही.

तुम्हाला करायचं असेल तर सगळं एकदम करू नका. येत्या आठवड्यात एकच गाडी घ्या आणि वहीत चार रकाने आखा : हात गाडीवर, चालणं-शोधणं, वाट पाहणं, परत करणं. वही भरताना कामाला असलेल्या पोरांना सांगा की हे तुमच्यावर नजर ठेवायला नाही, तुमच्या फेऱ्या कमी करायला आहे. नाहीतर ते मुद्दाम भराभर हात चालवतील आणि तुमचा आकडा खोटा निघेल. जो रकाना सगळ्यात मोठा, त्यातली एकच गोष्ट बदला. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजा.

घरी गाडी धुणाऱ्यांनी एवढंच करा : दोन बादल्या, सावली, सकाळची वेळ, आणि शेवटचा हात चांगल्या पाण्याचा. खारपाण पट्ट्यातले असाल तर शेवटचं जरा जास्तच मनावर घ्या.

तुमच्या वहीत कुठला रकाना मोठा निघाला ते मला व्हॉइस नोटवर नक्की सांगा. वऱ्हाडीत बोललात तर अजूनच मजा येईल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पाणी पीत राहा!